पहिल्या शब्दाआधीचं वर्ष : बाळ भाषा कशी उचलतं?

अक्षरवेल (धागाकर्ती)

मंडळी, वर्षाच्या आसपासच्या बाळाला बघायला आलेला प्रत्येक जण विचारतो, "काय, बोलायला लागलं का?" बोलत नसेल तर आईवडील कानकोंडे होतात. बाळाचं काम पहिल्या शब्दापासून सुरू होतं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्या शब्दापर्यंत भाषेचा केवढा तरी भाग त्याने आत रचलेला असतो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात पोटातच होते. गर्भाला शेवटच्या तीन महिन्यांत ऐकू येतं, पण भिंतीपलीकडून आल्यासारखं. व्यंजनं बरीचशी गळून जातात. पोचतो तो चढउतार, लय, ठेका. म्हणून जन्मतः बाळाला शब्द माहीत नसतात, पण आपल्या भाषेची चाल माहीत असते. १९८८ साली जाक मेलेर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पॅरिसमधली चार दिवसांची बाळं फ्रेंच आणि रशियन वेगळ्या ओळखतात. आईचा आवाज ओळखतात हे तर त्याआधीच, १९८० मध्ये सिद्ध झालं होतं. २००९ मध्ये काटलीन व्हेर्मके यांच्या गटाने जेमतेम काही दिवसांच्या ६० बाळांचं रडणं तपासलं, निम्मी फ्रेंच घरांतली, निम्मी जर्मन. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर चढत जाणारा होता, जर्मन बाळांचा उतरत जाणारा. त्या त्या भाषेच्या बोलण्यातला कलही असाच आहे.

आता ध्वनींकडे. महिनाभराच्या बाळाला विचारणार कसं की तुला हे दोन आवाज वेगळे वाटतात का? १९७१ मध्ये पीटर आयमस आणि सहकाऱ्यांनी चोखणीचा उपयोग केला. बाळ जोरात चोखलं की एक आवाज ऐकू येतो. तोच तोच आवाज ऐकून कंटाळलं की चोखणं मंदावतं. मग आवाज बदलायचा. चोखणं पुन्हा वाढलं, तर बाळाला फरक कळला. इंग्रजीतल्या 'बा' आणि 'पा' मधला फरक एक महिन्याच्या बाळांना कळत होता. तेवढ्याच अंतराचे दोन वेगवेगळे 'बा' ऐकवले, तर मात्र त्यांना फरक पडत नव्हता. म्हणजे सलग पसरलेल्या आवाजांत बाळाचा कान कप्पे पाडूनच ऐकतो.

यापुढचा प्रयोग आपल्या अगदी जवळचा आहे. ट आणि त. वाट आणि वात. आपल्याला हा फरक इतका उघड वाटतो की तो कुणाला ऐकूच येत नसेल, यावर विश्वास बसत नाही. इंग्रजी मातृभाषा असलेल्या मोठ्या माणसांना तो सहसा येत नाही. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ मध्ये इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ट आणि त ऐकवले. आवाज बदलला की मान वळवायची, मग बाजूच्या पेटीतलं खेळणं उजळून नाचायला लागायचं, अशी बाळांना सवय लावली होती. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांनी माना वळवल्या. आठ ते दहा महिन्यांतल्या कमी बाळांनी. दहा ते बारा महिन्यांतल्या जवळजवळ कुणीच नाही. हिंदी ऐकत वाढणाऱ्या बाळांना वर्षाच्या तोंडाशीही तो फरक स्वच्छ कळत होता. ब्रिटिश कोलंबियातल्या एका मूलनिवासी भाषेतले दोन ध्वनी घेतले, तेव्हाही हेच चित्र दिसलं.

म्हणजे बाळ जगातल्या कुठल्याही भाषेसाठी तयार होऊन येतं आणि वर्षभरात एका भाषेचं होतं. याला बरेच जण 'हरवणं' म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. २००६ मध्ये पॅट्रिशिया कुल आणि सहकाऱ्यांनी र आणि ल घेऊन अमेरिकन आणि जपानी बाळं तपासली. सहा ते आठ महिन्यांत दोन्ही गट सारखे. दहा ते बारा महिन्यांत जपानी बाळांचा अचूकपणा उतरला, आणि अमेरिकन बाळांचा वाढला. ही वाढ बघितली की लक्षात येतं, बाळाचा कान बोथट होत नसतो, तो घडत असतो. ज्या भाषेत र-ल असा भेदच नाही, तिथे दरवेळी त्या फरकाकडे लक्ष देत बसणं हा अडथळाच. कुठला फरक अर्थ बदलतो आणि कुठला नाही, हे ठरवणं ही भाषेच्या रचनेची पहिली पायरी आहे.

तुमचे अनुभव, शंका, आक्षेप लिहा.

---

पाऊलखुणा

छान सुरुवात. वाचतेय. व्याकरणाबद्दलही येऊ दे.

---

नवाबाबा

लेख आवडला, पण वाचून पोटात गोळा आला. आमचं बाळ सात महिन्यांचं आहे. खिडकी बंद होत चालली आहे तर आत्ताच त्याला चारपाच भाषांमधली गाणी, व्हिडिओ लावून ठेवावेत का? निदान कान तरी उघडे राहतील.

---

अक्षरवेल

नवाबाबा, काळजी करू नका. आणि व्हिडिओ लावू नका.

नेमका याच प्रश्नावर कुल यांच्या गटाने २००३ मध्ये प्रयोग केला. नऊ महिन्यांची, इंग्रजी घरांतली अमेरिकन बाळं. चार आठवड्यांत बारा वेळा, दरवेळी साधारण पंचवीस मिनिटं, मँडरिन ही चिनी भाषा बोलणारी व्यक्ती त्यांच्यासमोर बसून पुस्तकं दाखवायची, खेळायची. त्यानंतर ही बाळं मँडरिनमधला एक अवघड ध्वनिभेद ओळखण्यात तैवानमधल्या बाळांच्या बरोबरीला आली. दुसऱ्या गटाला त्याच व्यक्ती, तेच बोलणं, तेवढाच वेळ, पण पडद्यावर. तिसऱ्याला फक्त आवाज. या दोन्ही गटांनी काहीही उचललं नाही. मँडरिन कधीच न ऐकलेल्या बाळांइतकीच ती कोरी राहिली.

ध्वनी तेच होते. समोर माणूस नव्हता. मला वाटतं बाळांच्या भाषेबद्दल एकच प्रयोग लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवावा. बाळ आवाज मोजतं, कप्पे पाडतं, हे सगळं खरं. पण कुणाचं बोलणं मोजायचं ते ते माणसाकडे बघून ठरवतं.

---

सांजदिवा

मग दूर राहणाऱ्या आजीआजोबांनी काय करायचं? माझी नात दोन वर्षांची आहे. आमची भेट व्हिडिओ कॉलवरच होते. मी रोज तिच्याशी मराठीत बोलते. ते सगळं वाया जातं म्हणायचं का? मनाला लागलं हो.

---

पदच्छेद

सांजदिवा ताई, नाही, वाया जात नाही. चालू करून ठेवलेला व्हिडिओ आणि कॉल यांत मोठा फरक आहे. कॉलवर ती हसली की तुम्ही हसता, तिने बोट दाखवलं की तुम्ही त्या वस्तूचं नाव घेता. २०१४ मध्ये सारा रोझबेरी, कॅथी हर्श-पासेक आणि रॉबर्टा गोलिंकॉफ यांनी दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं तीन प्रकारे शिकवली : समोर बसून, व्हिडिओ कॉलवर, आणि दुसऱ्याच मुलाबरोबर झालेल्या कॉलचं रेकॉर्डिंग दाखवून. पहिल्या दोन्ही प्रकारांत मुलं शिकली, रेकॉर्डिंगमधून नाही. पडदा असूनही शिकली, कारण पलीकडचा माणूस त्यांना उत्तर देत होता. तुम्ही खुशाल बोला, आणि ती काही म्हणाली की थांबून तिला उत्तर द्या.

असंच बडबडीच्या वयातही दिसतं. मायकल गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या प्रयोगात आठ महिन्यांच्या आसपासच्या बाळांनी आवाज काढला की लगेच आयांनी हसायचं, जवळ यायचं, हात लावायचा, असं ठरवलं होतं. त्या बाळांच्या तोंडून अधिक नीट, अक्षरासारखे आवाज यायला लागले. दुसऱ्या गटात आया तेवढंच हसल्या, तेवढंच जवळ आल्या, पण बाळाच्या आवाजाशी त्याचा मेळ नव्हता. तिथे हा बदल झाला नाही. बाळाचं 'बाबाबा' हा संवादच असतो, आपण आपली पाळी घ्यायची.

---

सांजदिवा

फार बरं वाटलं वाचून. धन्यवाद.

---

कोरापान

मला एक मूलभूत शंका आहे. आपण लिहिताना शब्दांमध्ये जागा सोडतो, बोलताना सोडत नाही. अनोळखी भाषा ऐकताना सगळं एका दमात धावत गेल्यासारखं वाटतं. मग बाळाला शब्द कुठे सुरू होतो, कुठे संपतो हे कसं कळतं? त्याच्याकडे तर एकही शब्द नसतो.

---

पदच्छेद

कोरापान, या प्रश्नाला आयडी घेऊन बसलो आहे असं समजा, म्हणून मीच लिहितो.

१९९६ मध्ये जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी आठ महिन्यांच्या बाळांना संगणकाने तयार केलेलं सपाट बोलणं ऐकवलं. त्यात चार निरर्थक शब्द उलटसुलट क्रमाने येत होते, असे : बिडाकूपाडोटीगोलाबूबिडाकूटुपीरो... मध्ये विराम नाही, जोर नाही, सूर नाही. 'बि' नंतर 'डा' दरवेळी येणार, 'डा' नंतर 'कू' दरवेळी. पण 'कू' नंतर काय येईल याच्या तीन शक्यता. म्हणजे शब्दाच्या आत पुढचं अक्षर पक्कं, शब्दाच्या सीमेवर डळमळीत. दोन मिनिटं ऐकल्यावर बाळांना 'बिडाकू' आणि 'कूपाडो' यांतला फरक कळत होता. दोन मिनिटं! कुणी शिकवलं नाही, बक्षीस नाही, अर्थ नाही.

घरातल्या बोलण्यात तर याहून कितीतरी जास्त खुणा असतात. बाळाशी बोलताना आपला आवाज चढतो, स्वर लांबतात, वाक्यं आखूड होतात, तोच शब्द पुन्हा पुन्हा वाक्याच्या शेवटी येतो. १९९७ च्या एका अभ्यासात इंग्रजी, रशियन आणि स्वीडिश बोलणाऱ्या आया बाळाशी बोलताना आ, ई, ऊ हे स्वर एकमेकांपासून ताणून लांब नेतात, असं आढळलं. यालाच लाडिक बोलणं म्हणून हिणवलं जातं, ते चूक आहे. शब्द नीट ठेवून सूर लाडिक करणं बाळाच्या फायद्याचं आहे.

आणि स्वतःचं नाव! साडेचार महिन्यांची बाळं इतर नावांपेक्षा स्वतःचं नाव जास्त वेळ ऐकतात, हे १९९५ मध्ये दिसलं. अर्थ कळतो असं नाही, पण हा आवाजांचा साचा आपल्याभोवती सारखा येतो, हे कळतं. एकदा नाव ओळखीचं झालं की त्याला टेकून उभा असलेला पुढचा शब्दही सुटा होतो.

---

तर्कदुष्ट

सगळं आकडेमोडीने होतं हे मान्य नाही. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कींचा मुद्दा अजून तिथेच उभा आहे. मुलांना ऐकू येणारं बोलणं तुटक असतं, अपुरं असतं, तरी चारपाच वर्षांत प्रत्येक मूल व्याकरण पूर्ण उभं करतं. आतून काहीतरी मिळाल्याशिवाय हे होणं नाही. आयमस यांचा प्रयोगही तेच सांगतो, महिनाभराच्या बाळाला कप्पे आयते मिळालेले असतात.

---

अक्षरवेल

तर्कदुष्ट, आतून काहीतरी मिळतं याबद्दल दुमत नाही. ते खास भाषेसाठीच आहे का, यावर वाद आहे. आयमस यांच्या निष्कर्षाला १९७५ मध्येच धक्का बसला. कुल आणि जेम्स मिलर यांनी चिंचिला नावाच्या उंदराच्या कुळातल्या प्राण्याला 'डा' आणि 'टा' ओळखायला शिकवलं. त्यानेही माणसांच्या सीमेजवळच कप्पा पाडला. चिंचिलाला व्याकरण नाही. म्हणजे तो कप्पा सस्तन प्राण्यांच्या कानाची देणगी असावा आणि भाषांनी तिचा उपयोग करून घेतला असावा. मला हे जास्त पटतं.

तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मात्र मीच देते. निकाराग्वात १९७० च्या दशकाच्या अखेरीस मानाग्वाच्या विशेष शाळेत बहिरी मुलं पहिल्यांदा मोठ्या संख्येने एकत्र आली. तोवर प्रत्येकाकडे घरापुरते हावभाव होते, सामाईक भाषा नव्हती. शाळेत ओठ वाचायला आणि स्पॅनिश बोलायला शिकवत होते, ते फारसं जमत नव्हतं. पण मैदानात, बसमध्ये मुलांनी आपसांत खुणा जुळवल्या. नंतर आलेल्या लहान मुलांनी त्या कच्च्या खुणा उचलल्या आणि त्यांतून नियमबद्ध व्याकरण घडवलं. ॲन सेंगास यांच्या अभ्यासात धाकट्या मुलांची भाषा थोरल्यांपेक्षा अधिक रचनाबद्ध दिसते. त्या मुलांना कुणी ऐकवलं नव्हतं असं काहीतरी त्यांनी निर्माण केलं. आकडेमोडीने एवढं सगळं समजावता येतं असं मी म्हणणार नाही.

---

तर्कदुष्ट

हे मान्य. चिंचिलाबद्दल माहीत नव्हतं, वाचतो.

---

मधलीसुट्टी

माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे, 'काका'ला 'ताका' म्हणतो, 'गाडी'ला 'दाडी'. मी गंमत म्हणून विचारलं, "ताका आले का?" तर चिडला. "ताका नाही, ताका!" मी "काका?" म्हटलं तेव्हा शांत होऊन "हो, ताका" म्हणाला. त्याला फरक ऐकू येतो की नाही?

दुसरं, तो "मी करलं", "बाबा जाला", "मी घेलं" म्हणतो. आधी नीट "केलं" म्हणायचा. आता बिघडलं. दरवेळी सुधारावं का?

---

अक्षरवेल

मधलीसुट्टी, तुमचा मुलगा दोन्ही बाबतींत अगदी ठीक चाललाय.

'ताका'ची गोष्ट अभ्यासकांना १९६० पासून माहीत आहे. जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी नोंदवलेलं एक मूल मासा या अर्थाच्या इंग्रजी 'फिश'ला 'फिस' म्हणायचं, मोठ्यांनी 'फिस' म्हटलं की नाही म्हणायचं. कानाने फरक केव्हाच पकडलेला असतो, जीभ मागून येते. क आणि ग म्हणायला जिभेचा मागचा भाग उचलावा लागतो, त द ला टोक पुरतं. म्हणून अनेक मुलं क-ग च्या जागी त-द ठेवतात. त्याच्या डोक्यात 'काका' हाच शब्द आहे.

आणि 'करलं'. माझ्या मते हा या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर क्षण. आधी तो 'केलं' म्हणायचा तेव्हा तो अख्खा शब्द पाठ होता. मग त्याने बस-बसलं, पड-पडलं, धर-धरलं असं कितीतरी ऐकलं आणि त्यातून नियम काढला : धातूला 'लं' लाव, झालेली गोष्ट होते. 'करलं', 'जाला', 'घेलं' हे त्याने कुणाकडूनही ऐकलेलं नाही. कुठल्याच मोठ्या माणसाने हे शब्द म्हटलेले नाहीत. नक्कल करून शिकत असता तर हे शब्द आले कुठून? बर्को यांनी १९५८ मध्ये हेच वेगळ्या तऱ्हेने दाखवलं. 'वग' नावाच्या काल्पनिक पक्ष्याचं चित्र दाखवलं, मग दोन पक्षी दाखवले. चारपाच वर्षांच्या बहुतेक मुलांनी कधीही न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन बिनचूक केलं.

सुधारू नका. तो म्हणाला "मी करलं", की तुम्ही म्हणा, "हो का, तू केलंस! काय केलंस?" बरोबर रूप त्याच्या कानावर पडतं आणि संवादही तुटत नाही. अपवाद सावकाश बसतात, सगळी मुलं तिथे पोचतात.

आता जरा याच्याकडे बघा. मराठीत 'मुलाने चेंडू फेकला' पण 'मुलाने वही फेकली'. फेकणारा तोच, क्रियापद मात्र वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदललं. 'मुलगा वही फेकतो' म्हणताना ते पुन्हा मुलाकडे वळतं. मोठेपणी मराठी शिकणाऱ्याला हे सांगा, तो डोकं धरून बसेल. आणि शाळेत पाय ठेवण्याआधीच आपली मुलं हे सहज बोलतात. वहीला स्त्रीलिंग का, याचं उत्तर कुणाकडेच नाही. ते आजूबाजूच्या शब्दांवरून कळतं : माझी वही, नवी वही, वही फाटली. 'ई' पुन्हा पुन्हा तिच्या शेजारी येते. आठ महिन्यांचा असताना 'बिडाकू' शोधणारा कान इथे कामाला येतो, असं मला वाटतं.

---

पदच्छेद

याला जोडून. युडिट जर्व्हेन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आठ महिन्यांच्या इटालियन आणि जपानी बाळांची तुलना केली. इटालियनमध्ये सारखे येणारे छोटे शब्द नामाच्या आधी लागतात, जपानीत नंतर. बनावट भाषा ऐकवल्यावर इटालियन बाळांनी वारंवार येणारं अक्षर आधी येईल असं तोडून ऐकलं, जपानी बाळांनी ते शेवटी येईल असं. एकही वाक्य बोलता येत नाही, पण आपल्या भाषेत शब्दक्रम कुठल्या बाजूला झुकतो याचा अंदाज आहे. मराठीही जपानीसारखी : घरात, घराला, घरापाशी, क्रियापद शेवटी. मराठी बाळांवर असा अभ्यास झाला तर वाचायला मला फार आवडेल.

---

पाऊलखुणा

दोन प्रश्न. घरात दोन भाषा असतील तर बाळ गोंधळतं का? आणि माझी भाची अडीच महिने आधी जन्मली, तिला भाषा बाहेर लवकर ऐकायला मिळाली म्हणून ती लवकर बोलेल का?

---

अक्षरवेल

गोंधळत नाही. २०१० मध्ये क्रिस्टा बायर्स-हाइनलाइन, ट्रेसी बर्न्स आणि वर्कर यांनी अशी नवजात बाळं तपासली ज्यांच्या आया गरोदरपणी इंग्रजी आणि फिलिपिन्समधली तागालोग अशा दोन्ही भाषा बोलत होत्या. त्यांना दोन्ही भाषा आवडत होत्या, आणि दोन्ही वेगळ्याही ओळखता येत होत्या. पुढे एकेका भाषेतले शब्द मोजले तर कधी कमी भरतात, दोन्ही मिळून मोजले तर मागे नसतात. मूल एकाच वाक्यात दोन्ही भाषा वापरतं तेव्हा लोक घाबरतात. दोन भाषा बोलणारी मोठी माणसंही तेच करतात.

भाचीबद्दल. मार्सेला पेन्या, वर्कर आणि गिस्लेन दहेन-लाम्बर्त्झ यांनी २०१२ मध्ये वेळेवर आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या मेंदूचे प्रतिसाद मोजले. परक्या ध्वनींकडे दुर्लक्ष करायला लागणं हे जन्मापासून किती दिवस ऐकलं यावर ठरत नव्हतं, तर मेंदूच्या वयावर, म्हणजे गर्भधारणेपासून मोजलेल्या वयावर ठरत होतं. लवकर ऐकायला मिळालं म्हणून घाई झाली नाही. त्यामुळे तिचं वय मोजताना अडीच महिने वजा करून बघा, म्हणजे उगाच 'मागे पडली' असंही वाटणार नाही.

---

नवाबाबा

शेवटचं विचारतो. कधी काळजी करावी, हे कसं ओळखायचं?

---

पदच्छेद

शब्दांची वाट बघण्याआधी बडबडीकडे लक्ष द्या. 'आऽऽ', 'ऊऽऽ' नव्हे, तर 'बाबाबा', 'दादादा' असे व्यंजन-स्वर जोडलेले आवाज. ऐकू येणाऱ्या बाळांत हे बहुधा सहा ते दहा महिन्यांत येतात. किंब्रो ओलर आणि रेबेका आयलर्स यांनी १९८८ मध्ये दाखवलं की बहिऱ्या बाळांत ते बरेच उशिरा येतात. दहा महिने होऊनही असे आवाज नसतील तर डॉक्टरांना भेटून ऐकण्याची तपासणी करून घ्या. नुसतं टाळी वाजवून बघू नका, काही बाळांना मोठे आवाज ऐकू येतात आणि बोलण्यातले बारीक ऐकू येत नाहीत. जन्मतः केलेली तपासणी ठीक आली असली तरी शंका आल्यावर पुन्हा करावी, ऐकणं नंतरही कमी होऊ शकतं.

आणि कमी ऐकू येतं असं निघालंच, तरी भाषा थांबत नाही. लॉरा पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट यांनी १९९१ मध्ये बहिऱ्या आईवडिलांच्या, खुणांच्या भाषेत वाढणाऱ्या दोन बहिऱ्या बाळांचा अभ्यास केला. ती बाळं हातांनी बडबड करत होती, बोटांचे तेच तेच आकार, ठेक्यात, त्याच वयात. उपकरण असो, खुणांची भाषा असो की दोन्ही, बाळाला समोरून उत्तर मिळत राहायला हवं आणि ते लवकर सुरू व्हायला हवं.

---

नवाबाबा

आमचं 'दादादा' गेल्या आठवड्यात सुरू झालंय. गाण्यांचे व्हिडिओ काढून टाकले.